बाटलीवरचे नाव

रसायनांची नावे आपल्याला अवघड वाटतात, कारण ती पाठ करण्याची सवय आपल्याला लागलेली असते. खरे म्हणजे ही नावे वाचायची असतात. ऑक्सिजन असलेल्या काही पदार्थांना नावे कशी देतात, त्यांची सूत्रे कशी लिहितात आणि हे कळल्याने आपला काय लाभ होतो, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत उभे आहात. समोरच्या टेबलावर काचेच्या दोन बाटल्या आहेत. दोन्ही बाटल्यांत पाण्यासारखा स्वच्छ, रंगहीन द्रव आहे. दोन्ही द्रव पाण्यात सहज मिसळतात. दोन्ही चटकन पेट घेतात. त्यांच्या वासातही फारसा फरक नाही. एका बाटलीच्या चिठ्ठीवर 'इथेनॉल' असे लिहिले आहे आणि दुसरीच्या चिठ्ठीवर 'मिथेनॉल'.

पहिला द्रव औषधांत आणि हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरमध्ये वापरतात. दुसरा द्रव मात्र विषारी आहे. त्याचे थोडेसे घोट पोटात गेले, तर माणसाची दृष्टी जाऊ शकते; प्राणही जाऊ शकतो. आता सांगा, या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या, तर कोणती बाटली कोणती हे तुम्ही कसे ओळखाल? डोळ्यांनी ओळखता येणार नाही. नाकानेही खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून बाटलीवरचे नाव महत्त्वाचे, आणि ते नीट वाचता येणेही तितकेच महत्त्वाचे.

एका अक्षराने एवढा फरक पडतो, याचे तुम्हांला आश्चर्य वाटायला नको. तुम्ही रोज उर्दू लिहिता. बे, पे आणि ते या अक्षरांचा आकार एकच असतो. फरक असतो तो फक्त नुक्त्यांचा. एक नुक्ता चुकला, की शब्द बदलतो आणि अर्थही बदलतो. मराठीत काना आणि मात्रा यांचे तसेच आहे. 'दर' आणि 'दार' यांत फक्त एका कान्याचा फरक. पण एकाचा अर्थ भाव आणि दुसऱ्याचा अर्थ दरवाजा. रसायनशास्त्राच्या भाषेचेही असेच नियम आहेत. ते आता आपण पाहू या.

पूर्वी पदार्थांना नावे देण्याची ठरावीक रीत नव्हती. पदार्थ जेथून मिळाला, त्यावरून त्याला नाव पडत असे. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून एक आम्ल मिळवल्याची नोंद केली. लॅटिन भाषेत मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात, म्हणून त्या आम्लाला 'फॉर्मिक आम्ल' हे नाव मिळाले. सिरक्याला लॅटिनमध्ये 'ॲसिटम' म्हणतात, म्हणून सिरक्यातले आम्ल 'ॲसेटिक आम्ल' झाले. खवट लोण्याला ज्या आम्लामुळे वास येतो, त्याला लोण्याच्या लॅटिन नावावरून 'ब्युटिरिक आम्ल' म्हणू लागले.

'अल्कोहोल' या शब्दाची गोष्ट तर तुमच्या घरापर्यंत पोहोचते. तुमच्या आजीजवळ सुरमादाणी असेल. सुरम्याला अरबी भाषेत 'कुहल' म्हणतात आणि 'अल' हे अरबीतील उपपद त्याला जोडले, की 'अल-कुहल' होते. सुरमा म्हणजे अतिशय बारीक केलेली पूड. हा शब्द युरोपात गेला, तेव्हा प्रथम बारीक पुडीसाठीच वापरला गेला. पुढे कोणत्याही पदार्थाच्या शुद्ध सारालाही तो लावू लागले. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने द्राक्षांच्या मद्यातून काढलेल्या अर्काला हा शब्द लावला आणि तोच अर्थ टिकून राहिला. अशा प्रकारे डोळ्यांत घालायच्या सुरम्याचे नाव एका द्रवाला मिळाले.

या गोष्टी ऐकायला गोड आहेत. पण या जुन्या नावांत एक उणीव होती. पदार्थ कोठून आला एवढेच ती सांगत; पदार्थाच्या आत काय आहे, हे सांगत नसत. मुंगीच्या आम्लात आणि सिरक्याच्या आम्लात काही नाते आहे का, हे त्या नावांवरून कोणाला कळणार?

खुद्द ऑक्सिजनचे नावही पूर्ण खरे नाही. फ्रान्सचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७७७ च्या सुमारास हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ 'आम्ल निर्माण करणारा' असा होतो. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे त्यांना वाटत होते. पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो, असे सिद्ध झाले. तरी नाव तेच राहिले. मराठीत आपण त्याला 'प्राणवायू' म्हणतो आणि श्वासाच्या दृष्टीने ते नाव अगदी योग्य आहे.

पण लव्हाझिए यांनी एक मोठे काम केले. त्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १७८७ साली रसायनांना नावे देण्याची पद्धत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पदार्थाच्या नावावरून त्याचे घटक कळले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता.

नावांबरोबर चिन्हांचाही प्रश्न होता. इंग्लंडचे जॉन डाल्टन अणूंसाठी वर्तुळे काढत. ऑक्सिजनसाठी कोरे वर्तुळ, हायड्रोजनसाठी मध्ये ठिपका असलेले वर्तुळ आणि कार्बनसाठी पूर्ण काळे वर्तुळ. ही चित्रे सुंदर होती. पण छापायला आणि लक्षात ठेवायला कठीण होती. स्वीडनचे बर्झेलिअस यांनी १८१३-१४ साली सोपा मार्ग सुचवला. मूलद्रव्याच्या लॅटिन नावातील पहिले अक्षर किंवा दोन अक्षरे घ्यावीत, एवढेच. आजही आपण तेच करतो. कार्बनसाठी सी, हायड्रोजनसाठी एच आणि ऑक्सिजनसाठी ओ. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ही अक्षरे रोमन लिपीत असतात. हा मराठीचा पाठ आहे, म्हणून येथे ती देवनागरीत लिहू.

आता एक कोडे सोडवा. एका पदार्थाच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू आहे. त्याचे रेणुसूत्र झाले सी२एच६ओ. हा पदार्थ कोणता?

तुम्ही म्हणाल, इथेनॉल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. याच सूत्राचा आणखी एक पदार्थ आहे. त्याचे नाव डायमिथिल ईथर. इथेनॉल हा द्रव आहे आणि तो सुमारे ७८ अंश सेल्सिअस तापमानाला उकळतो. डायमिथिल ईथर मात्र आपल्या खोलीच्या तापमानाला वायू असतो. तो शून्याखाली सुमारे २४ अंशांनाच उकळतो. अणू तेच, त्यांची संख्या तीच. तरी पदार्थ दोन! असे कसे झाले?

याचे उत्तर अणूंच्या मांडणीत आहे. अणूंना हात असतात, असे समजा. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एक. कोणाचाही हात मोकळा राहता कामा नये. दोन अणूंनी एकमेकांचा हात धरला, की त्यांच्यामध्ये आपण एक रेषा काढतो. अशा रेषा वापरण्याची कल्पना स्कॉटलंडचे आर्चिबाल्ड कूपर यांनी १८५८ साली मांडली.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजनने एका हाताने कार्बनला आणि दुसऱ्या हाताने हायड्रोजनला धरलेले असते. म्हणून त्याचे सूत्र असे लिहितात : सीएच३–सीएच२–ओएच. डायमिथिल ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनच्या मध्ये उभा असतो आणि दोन्ही हातांनी दोघांना धरतो : सीएच३–ओ–सीएच३. म्हणजे रेणूत ऑक्सिजन आहे, एवढे सांगून भागत नाही. तो कोठे आहे आणि त्याने कोणाचा हात धरला आहे, हेही सांगावे लागते.

तुमच्या उर्दू पुस्तकातील ओळ उजवीकडून डावीकडे जाते. पण मध्ये सूत्र आले, की ते तुम्ही डावीकडून उजवीकडे वाचता. गंमत अशी, की रेणूला डावे-उजवे माहीत नसते. इथेनॉलचे सूत्र एचओ–सीएच२–सीएच३ असे उलटे लिहिले, तरी पदार्थ तोच राहतो. कोणी कोणाचा हात धरला आहे, ते मात्र बदलता कामा नये.

अणूंचा असा लहानसा समूह रेणूमध्ये एकत्र राहतो आणि त्या पदार्थाचे गुणधर्म ठरवतो. त्याला 'क्रियात्मक गट' म्हणतात. ही कल्पना एकाएकी सुचलेली नाही. जर्मनीच्या व्होलर आणि लीबिग या दोन मित्रांनी १८३२ साली कडू बदामाच्या तेलावर अनेक प्रयोग केले. त्या तेलापासून त्यांनी एकामागून एक नवे पदार्थ तयार केले. तेव्हा त्यांना दिसले, की पदार्थ बदलत असले, तरी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा एक समूह प्रत्येक पदार्थात जसाच्या तसा राहतो. त्यांनी त्या समूहाला 'बेंझॉइल' असे नाव दिले. रेणूचे भाग करून विचार करण्याची वाट येथे मोकळी झाली.

पुढे कार्बनचे पदार्थ हजारोंनी सापडू लागले. एकाच पदार्थाला दोन-तीन नावे पडू लागली. तेव्हा १८९२ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात युरोपातील नामवंत रसायनशास्त्रज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी नावांचे नियम ठरवले. आज हे काम रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ करतो. हा संघ १९१९ साली स्थापन झाला.

हे नियम तुम्हांला परके वाटणार नाहीत, कारण ते प्रत्ययांचे नियम आहेत. 'दुकान' या शब्दाला 'दार' जोडले, की 'दुकानदार' होतो. जमीन, जमीनदार, चौकी, चौकीदार. 'दार' दिसला, की कोणाजवळ तरी काहीतरी आहे, हे आपण ओळखतो. 'दाणी' दिसली, की काहीतरी ठेवायची वस्तू आहे, हे कळते : सुरमादाणी, अत्तरदाणी. रसायनाच्या नावाचेही तसेच आहे. नावाचा पहिला भाग कार्बनचे अणू किती ते सांगतो. 'मिथ' म्हणजे एक, 'इथ' म्हणजे दोन, 'प्रोप' म्हणजे तीन आणि 'ब्युट' म्हणजे चार. नावाचा शेवट ऑक्सिजनचा गट कोणता ते सांगतो.

नावाच्या शेवटी 'ऑल' असेल, तर रेणूत ओएच हा गट आहे. तो पदार्थ अल्कोहोल होय.

नावाच्या शेवटी 'ॲल' असेल, तर साखळीच्या टोकाला सीएचओ हा गट आहे. तो पदार्थ ॲल्डिहाइड होय. येथे ऑक्सिजनने आपल्या दोन्ही हातांनी एकाच कार्बनला धरलेले असते, म्हणून दोघांमध्ये दोन रेषा काढतात. हायड्रोजनही त्या कार्बनलाच जोडलेला असतो. हा गट कधीही सीओएच असा लिहू नये. तसे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल, की येथे ओएच आहे आणि हा अल्कोहोल आहे.

नावाच्या शेवटी 'ओन' असेल, तर दोन कार्बनच्या मधल्या कार्बनला ऑक्सिजन दोन हातांनी धरून असतो. हा सीओ गट होय आणि तो पदार्थ कीटोन. नखांचा रंग पुसायला वापरतात, त्या ॲसिटोनचे नियमाप्रमाणे नाव 'प्रोपेनोन' आहे.

नावाच्या शेवटी 'ओइक आम्ल' असेल, तर सीओओएच हा गट आहे. यात ऑक्सिजनचे दोन अणू असतात. एक कार्बनला दोन्ही हातांनी धरतो. दुसरा एका हाताने त्याच कार्बनला आणि दुसऱ्या हाताने हायड्रोजनला धरतो.

कधी कधी नावाच्या मध्ये एक अंकही असतो. सॅनिटायझरच्या बाटलीवर 'आयसोप्रोपिल अल्कोहोल' असे तुम्ही वाचले असेल. त्याचे नियमाप्रमाणे नाव 'प्रोपॅन-२-ऑल'. आता हे नाव वाचा. 'प्रोप' म्हणजे तीन कार्बन. 'ऑल' म्हणजे ओएच गट. मधला २ म्हणजे तो गट दुसऱ्या कार्बनवर आहे. गट टोकाच्या कार्बनवर असेल, तर पदार्थाचे नाव 'प्रोपॅन-१-ऑल'. त्याला तीन क्रमांक का देत नाहीत? कारण गट ज्या टोकाला जवळ असेल, त्या टोकाकडून मोजायचे, असा नियम आहे. पाहा, एका छोट्या नावात पदार्थाचे केवढे वर्णन सामावले आहे!

आता जुन्या आम्लांकडे परत जाऊ. मुंगीचे फॉर्मिक आम्ल म्हणजे 'मिथेनॉइक आम्ल'. सिरक्याचे ॲसेटिक आम्ल म्हणजे 'इथेनॉइक आम्ल'. आता त्यांचे नाते लगेच दिसते. दोन्ही सीओओएच गटाची आम्ले. एकात एक कार्बन आणि दुसऱ्यात दोन. मुंगी आणि सिरका यांच्यात काही नाते असेल, असे जुन्या नावांवरून कधीच वाटले नसते.

सिरका कसा तयार होतो, तेही नावांवरून समजते. उसाचा रस ठेवला, की किण्वामुळे त्यातील साखरेपासून इथेनॉल तयार होते. पुढे हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने जिवाणू त्याचे आम्ल करतात. इथेनॉल, मग इथेनॅल, मग इथेनॉइक आम्ल. तिन्ही नावांत 'इथ' कायम आहे, कारण कार्बनचे अणू दोनच राहिले. बदलला तो फक्त शेवट. 'इथेनॉल' आणि 'इथेनॅल' यांत मराठीत लिहिताना फक्त एका कान्याचा फरक आहे! तो काना गेला, म्हणजे रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू गेले. लीबिग यांनी 'ॲल्डिहाइड' हा शब्द बनवला, तोही 'हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून.

मित्रांनो, आता पहिल्या दोन बाटल्या आठवा. मिथेनॉल विषारी का, हे आता तुम्हीच त्याच्या नावावरून सांगू शकाल. मिथेनॉल पोटात गेले, की आपले यकृत त्याच्यावर तीच क्रिया करते. मिथेनॉलचे मिथेनॅल होते आणि मिथेनॅलचे मिथेनॉइक आम्ल. मिथेनॅल म्हणजे फॉर्माल्डिहाइड. प्रयोगशाळेत मृत प्राणी ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, ते याच पदार्थाचे पाण्यातील द्रावण असते. मिथेनॉइक आम्ल म्हणजे मुंगीचे आम्ल. ते शरीरात साठत जाते, रक्त आम्लयुक्त करते आणि डोळ्यांच्या नसांना इजा करते. नाव फक्त सुरुवातीला बदलले, 'इथ'च्या जागी 'मिथ' आले. आणि शेवटी सिरक्याच्या आम्लाऐवजी मुंगीचे आम्ल तयार झाले.

ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दारूत मिथेनॉल होते. मरणारी बहुतेक माणसे गरीब, कष्ट करणारी होती. बेकायदा दारूवर तिच्यातल्या विषाचे नाव कोणी लिहीत नाही. पिणाऱ्याला काही तास, कधी दिवसभरही, धोका कळत नाही. मग डोळ्यांपुढे धुके येते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे डॉक्टर असे औषध देऊ शकतात, की यकृतातील ती पहिली पायरीच रोखली जाते. मिथेनॉलचे मिथेनॅल झाले नाही, तर पुढचे आम्लही तयार होत नाही. पण त्यासाठी रोगी वेळेवर पोहोचला पाहिजे.

म्हणून काही गोष्टी कायम लक्षात ठेवा. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतील द्रव कधी हुंगू नका, चाखू नका आणि कोणाला देऊ नका. एका बाटलीतले रसायन दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत, ठेवू नका. आणि बाटलीवर नाव असेल, तर ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. तुम्हांला आता ते वाचता येते. घरात, शेजारी ज्यांना ते वाचता येत नाही, त्यांना तुम्ही वाचून दाखवा.

शब्दार्थ

रंगहीन – रंग नसलेला
ऊर्ध्वपातन – द्रव तापवून त्याची वाफ करणे व ती वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवणे
उणीव – कमतरता
अर्क – सार, सत्त्व
मूलद्रव्य – एकाच प्रकारच्या अणूंचा बनलेला पदार्थ
किण्व – साखरेपासून अल्कोहोल तयार करणारा सूक्ष्म जीव
यकृत – काळीज, शरीरातील एक इंद्रिय
मृत्युमुखी पडणे – मरण पावणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'अल्कोहोल' हा शब्द कोणत्या अरबी शब्दावरून आला?
(आ) रसायनांच्या नावांचे नियम ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ १८९२ साली कोठे जमले?
(इ) 'प्रोप' या शब्दावरून काय कळते?
(ई) सिरक्यातील आम्लाचे नियमाप्रमाणे नाव काय?

२. कारणे लिहा.
(अ) सी२एच६ओ हे सूत्र पदार्थ ओळखण्यास पुरेसे नाही.
(आ) ॲल्डिहाइडचा गट सीओएच असा लिहू नये.
(इ) मिथेनॉल पोटात गेलेल्या माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

३. नावाचा शेवट पाहून पदार्थाचा प्रकार लिहा.
(अ) ब्युटेनॉल (आ) प्रोपेनॅल (इ) ब्युटेनोन (ई) प्रोपेनॉइक आम्ल

४. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
पदार्थांच्या जुन्या नावांत कोणती उणीव होती? नव्या नावांनी ती कशी दूर केली?

५. 'दार', 'दाणी' आणि 'खाना' हे प्रत्यय लावून प्रत्येकी तीन शब्द लिहा. त्यांपैकी कोणते शब्द उर्दूतही वापरतात, ते सांगा.

६. उपक्रम : घरातील औषधे, सॅनिटायझर व स्वच्छतेचे द्रव यांच्या बाटल्या न उघडता त्यांवरील नावे वाचा. 'ऑल', 'ओन' किंवा 'आम्ल' असा शेवट असलेली नावे वहीत लिहा.